नेर्गुयची आई कोण

दुल्मा म्हातारीच्या चहात आज मीठ दुप्पट पडलं होतं. जनावरांची डॉक्टरीण सोलोंगो हिने एक घोट घेतला आणि डोळे मिटून गिळला.

"आजी, राग कुणावर? चहावर की माझ्यावर?"

"गप पी. गार झाला की आणखी खारट लागेल."

तंबूबाहेर ट्रकातून नुकताच सालखी उतरला होता. पाच वर्षांचा, उभ्या आयाळीचा ताखी. ताखी म्हणजे रानघोडा, खोगिराला कधी पाठ न दिलेली जात. माळावरून ती पार संपली होती. परदेशातल्या पिंजऱ्यांत मूठभर उरले, त्यांचीच ही सगळी लेकरं. म्हणून इथे कुणाची सोयरीक कुणाशी, ते वही बघून ठरायचं. या कुंपणातली वही दुल्मा लिहायची.

सोलोंगोने ती उघडली. "सालखीची आई सार्नाय. वर्षाचा असताना पलीकडच्या दरीत गेलेला. आणि तुमची लाडकी घोडी नेर्गुय, तिची आई खोंगोर. बापही वेगळे. म्हणजे रक्त वेगळं. झालं तर! दुपारी फाटक उघडू."

दुल्माने चुलीत शेणी सारली. चूल आधीच भरलेली होती.

नेर्गुय खोंगोरची नव्हतीच. सार्नायची दोन शिंगरं लागोपाठ गेली होती. एक उभंच राहिलं नाही, दुसरं आठवड्यात. तिसरी जन्मली तेव्हा दुल्माने तेच केलं जे तिच्या आईने तिच्या भावासाठी केलं होतं. नाव ठेवलं नेर्गुय, 'बिननावाची', म्हणजे लेकरं उचलणाऱ्या भुताला हाक मारायला काही सापडू नये. आणि भूत सार्नायच्या दारात टपलेलं, म्हणून वहीत आई लिहिली खोंगोर. पोर जगली, दांडगी झाली. सहा वर्षं म्हातारी तिला कुंपणापलीकडून गात होती:

*कुणाची गं कुणाची, वाऱ्यावरल्या तणाची,*
*ना आईची, ना बापाची, माळावरल्या उन्हाची.*

आता खरं बोलावं, तर भूत ऐकणार. शिवाय सालखी इथे राहणार, म्हणून नेर्गुय याच ट्रकातून पलीकडच्या दरीत जाणार, डोळ्यांआड. न बोलावं, तर तिची सोयरीक एकाच आईच्या भावाशी.

दुल्मा उठली, तरातरा ट्रकापाशी गेली. "गालसान, गाडी चालू कर."

"जायचंय कुठे, आजी?" ड्रायव्हरने विचारलं.

"कुठे नाही. नुसती घुरघुरू दे."

त्या घरघरीत तिने सोलोंगोला जवळ ओढलं आणि तिच्या कानात सगळं ओतलं.

"आजी! एकाच आईची दोघं?"

"हळू, बये!"

सोलोंगो ट्रकाच्या चाकावरच टेकली. मग तिला हसू फुटलं. "माझ्या काकाचं नाव आहे 'माणूस-नाही', तेही भुताला चकवायलाच. मी कुणाला बोलणार? पण आजी, ती दोन शिंगरं भुताने नाही नेली. तेव्हाचा घोडा, तोमोर, सार्नायचा बापच होता. त्यांचे कागद फार मागाहून आले. जवळच्या रक्ताची लेकरं अशी दुबळी निपजतात."

दुल्माचा हात तोंडावर गेला. वयात आलेल्या लेकीला घोडा चावून कळपाबाहेर काढतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. "तोमोर तिला रोज कुंपणाला रेटायचा गं. आणि मी त्याला खाष्ट म्हणून शिव्या घालायची! कुंपणात बिचारा पिटाळणार कुठे?"

"नेर्गुयच्या वेळी घोडा बदलला होता. म्हणून ती जगली."

"घोडाही बदलला आणि नावही. कशामुळे जगली ते तू ठरवू नकोस."

"नाही ठरवत. वहीत खरी आई लिहू ना? तोंडाने नाही उच्चारणार."

दुल्माने विचार केला. "लिही. ते भूत शाळेत कुठे गेलंय!"

दुपारी लाकडी पेटीत घालून नेर्गुयला ट्रकात चढवलं. सालखी खोंगोरच्या लेकींपाशी राहिला. ओढ्याकाठच्या वेगळ्या कुंपणातून म्हातारी सार्नाय खिंकाळली, पुन्हा खिंकाळली.

"तुझी कोण लागते ती?" दुल्मा मुद्दाम मोठ्याने ओरडली. "गप बस!" आणि बाहीने डोळे पुसून, वाट सुखाची व्हावी म्हणून तिने चाकांमागे दुधाचे शिंतोडे उडवले.

गालसानने खिडकीतून डोकं काढलं. "आजी, वसंतात हिला शिंगरू झालं तर नाव काय ठेवायचं? पुन्हा बिननावाचं?"

"छे! चांगलं वीतभर लांब ठेवा. हाक मारता मारता भुताला धाप लागली पाहिजे."