वाचून दाखविले, बरोबर आहे

लाखेचा चौथा ठिपका तडकला होता. बाकीचे चार शाबूत होते, लालभडक, तुळतुळीत, प्रत्येकावर शर्टाच्या बटणाची चार भोकं उमटलेली (घरात मोहर नव्हती, बटण होतं). पण चौथ्याला केसाएवढी चीर गेली होती. ती पोस्टाच्या थैलीत गेली, की कुणी तापल्या सुरीने ठिपका अलगद उचलून, आतल्या तीनशे बारा पानांवर नजर फिरवून, पुन्हा बसवताना गेली... हे पुंडलिकरावांना काही केल्या कळेना.

"सही करा ना बाबूजी," पोस्टमन ईश्वर म्हणाला. "मले आखा बाजार फिरायचा आहे अजून."

त्यांनी सही केली.

"पाठवणारे तुमीच, घेणारेबी तुमीच. घरी कोणी बोलून नाही राहिलं का तुमच्याशी?"

"कोर्टाचे कागद आहेत," पुंडलिकराव म्हणाले, आणि ईश्वर गेल्यावर आपण खोटं का बोललो याची भीती त्यांना वेगळी वाटली.

मोहाडीच्या तहसील कचेरीसमोर चिंचेखाली पुंडलिकरावांचं टेबल. पोस्ट रस्त्यापलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. तरी समोरून समोर यायला पाकिटाला दोन दिवस लागले होते. ही युक्ती शेजारच्या टेबलावर स्टॅम्प विकणाऱ्या गोमाजींची. स्वतः लिहिलेली कादंबरी प्रकाशकाकडे धाडण्याआधी एक प्रत आपल्याच नावाने रजिस्टर करायची, आली की फोडायची नाही; कुणी चोरलीच तर थेट न्यायाधीशापुढे फोडायची. 'पोस्टाचा शिक्का म्हंजे तारखेचा साक्षीदार,' असं गोमाजी म्हणाले होते. साक्षीदारांच्या बाबतीत गोमाजींचा अनुभव दांडगा होता, त्यातले बरेच फिरले होते.

आणि कादंबरी चोरीला जाणारच, याबद्दल पुंडलिकरावांच्या मनात शंका नव्हती. प्रकाशकाला भाचा असतोच. भाच्याला लिहायची हौस असतेच. भंडाऱ्याच्या बसस्टँडवरच्या दुकानात ते पुस्तक दोरीला लटकलेलंसुद्धा त्यांना दिसे, मागच्या पानावर भाच्याचा फोटो, गाल हातावर टेकवलेला... आणि आपण खाली उभे, बस निघून चाललेली, ओरडावं तर घशातून आवाज नाही.

नागपूरच्या त्या प्रकाशकाचं कार्ड टेबलावर होतं. कार्बन प्रत पाठवावी. सोबत, लेखन स्वतंत्र असून कोणाकडून घेतलेले नाही, असे सहीनिशी लिहून द्यावे.

हे तर हातचं काम. वीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज लिहून देण्याची अर्जनविशीच केली होती. 'मी खाली सही करणार' एवढं लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप येई. या टेबलावर ते विधवा झाले होते, अज्ञान मुलांचे पालक झाले होते, वीज पडून मेलेल्या बैलाचे मालक झाले होते. आज मात्र 'मी' लिहिलं आणि टाक थांबला. मी म्हणजे कोण? वय एकावन्न, धंदा दुसऱ्यांचा मी लिहिणं... ते स्वतःशीच हसले, धीर आला, आणि त्यांनी पुढे लिहिलं: सदर कादंबरीतील मजकूर माझा स्वतःचा असून कोणाकडूनही घेतलेला ना

"रामराम बाबूजी."

टेबलापुढे धुरपता उभी होती.

पाकीट आधी झाकावं की कागद, हे न सुचून पुंडलिकरावांनी दोन्हींवर हात ठेवले. सहा वर्षांपूर्वीही ती अशीच आली होती. नवरा जागेश्वर बेपत्ता झालेला, दीर जमिनीवर टपलेला. अर्ज अर्ध्या पानाचा झाला आणि बाई दोन तास बोलली... जागेश्वरच्या टायरच्या चपला घरीच राहिल्या होत्या. रोज पहाटे त्या पायात घालून ती तलावाखालच्या भाताच्या बांधीच्या चिखलातून, शेताच्या हद्दीवरच्या धुऱ्यावरून चालून येई. उजाडल्यावर दीर टायरची नक्षी पाही, आणि भाऊ येऊन गेला असं समजून शेतात पाय घालत नसे. 'हे अर्जात नोका टाकू बाबूजी,' असं ती शेवटी म्हणाली होती.

त्यांनी अर्जात टाकलं नव्हतं.

तिचं नाव बदललं होतं की! कादंबरीत ती कुंताबाई होती. तलाव, धुरा, चपला, दीर एवढंच फक्त तसंच राहिलं होतं.

"काहून घाबरले?" धुरपता म्हणाली. "दिरानं धुरा कोरला या साली. अर्ज करा. पक्का लिवा, त्याचा जावई मास्तर हाये, छापलेलं सारं वाचते तो रिकामचोट."

त्यांनी अर्ज लिहिला. अक्षर कधी नव्हे ते वाकडं येत होतं. मग रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. सदर गैरअर्जदार याने दोन हात धुरा कोरून...

"दीड हात. दोन कायले लिवता? खोटं नोका लिवू."

त्यांनी दीड केला, पुन्हा वाचला. तिने मान हलवली. खाली त्यांनी लिहिलं: वाचून दाखविले, बरोबर आहे. बाजूला तिने अंगठा उठवला. आजवर या ओळीशिवाय एकही कागद या टेबलावरून गेला नव्हता... एक सोडून. तीनशे बारा पानं, आणि खाली ती ओळ नाही.

"आन ते नाही ना टाकलं?" अंगठा केसांना पुसत ती हळूच म्हणाली.

"कोणतं?"

तिने लुगड्याखालून पाय जरासा पुढे केला. पुरुषी मापाची टायरची चप्पल, एका पट्ट्याच्या जागी सुतळी.

"अजून?" पुंडलिकरावांच्या तोंडून निघालं.

"मंग? आता मी हप्त्यातून एकडाव चालतो. तेवढ्यानं भेते तो." तिने शेजारच्या टेबलाकडे हनुवटी केली. "तुमच्यापाशी हाये म्हनून बरं. त्या गोमाजीपाशी असतं, तर आतापावतर बाजारात गेलं असतं."

"नाही टाकलं," पुंडलिकराव म्हणाले. ते अर्जाबद्दल खरं होतं.

अर्ज घेऊन ती कचेरीच्या फाटकाकडे गेली.

कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात कुंताबाईने त्या चपला तलावात सोडल्या होत्या. संध्याकाळ, शांत पाणी, पाठमोरी ती — चार वेळा लिहून काढलेलं पान, आणि तेच वाचताना भाचा नक्की रडेल, अशी त्यांची खात्री होती. तेवढंच एक पान सबंध आपलं होतं, कोणाकडूनही न घेतलेलं. धुरपताला वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, खोटं कायले लिवता?

पाच वाजत आले. आणखी काही मिनिटांत पोस्ट बंद होणार होतं. कार्बन प्रतीचं पुडकं त्यांनी बगलेत धरलं, 'ना'पाशी अडलेला कागद उचलला, आणि उठताना त्यांची नजर खाली गेली. रस्त्यापासून टेबलापर्यंत आणि तिथून फाटकापर्यंत धुळीत टायरची नक्षी उमटली होती, ठळक, एकेक पाऊल सुटं, जणू कुणी पुरुष येऊन, इथं उभा राहून, सगळं ऐकून गेला असावा. ती पावलं कुणाची, हे जगात दोघांनाच ठाऊक, आणि त्यातला एक मी... तरी माझ्या छातीत धडधडतंय कशाला?

पोस्टाची वाट त्या पावलांवरूनच जात होती. पुंडलिकराव पुन्हा खुर्चीवर बसले आणि त्यांनी आपले पाय हळूच टेबलाखाली ओढून घेतले.