गुळाचा खडा

संध्याकाळी पाच वाजले की ठेकेदार रंगनाथशेठ गुळाची ढेप फोडायला बसायचा. सावेडीत पाच मजली इमारतीचं काम चालू होतं. फरशी कापणारे, भिंती घासणारे, सिमेंटच्या गोण्या फोडणारे असे धुळीतले गडी त्याच्यापुढे येऊन उभे राहायचे. तो प्रत्येकाच्या हातावर एक खडा ठेवायचा आणि म्हणायचा, "खा रे. धूळ खाली उतरती." गडी खायचे, वर तांब्याभर पाणी प्यायचे आणि निर्धास्त मनाने घरी जायचे.

आक्काबाईचा नवरा सहादू आठ वर्षं तो खडा खात होता. ग्रॅनाइट कापण्यात त्याचा हात धरणारा शहरात दुसरा नव्हता. सुट्टीच्या दिवशी शेठचा गूळ मिळायचा नाही, म्हणून आक्काबाई तिसगावच्या बाजारातून ढेप आणून ठेवायची आणि आठवणीने त्याला खडा द्यायची. तेच तिला कालपासून जाळत होतं.

काल सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने सहादूच्या छातीचा फोटो उजेडापुढे धरला. दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके होते, कुणी मूठभर कणी उधळावी तसे.

"आमी रोज गूळ देतो की, डॉक्टरसाहेब," आक्काबाई म्हणाली होती.

"गूळ पोटात जातो, मावशी. धूळ छातीत जाऊन बसते. गेलं ते परत येणार नाही. आजपासून धूळ बंद झाली, तर उरलेल्या फुफ्फुसावर ते बरीच वर्षं काढतील. नाही झाली, तर दोन वर्षांत जिना चढणार नाहीत."

आणि तरीही आज सकाळी सहादू पुन्हा खाली धुळीत बसला होता. दुसरं काम त्याला येत नव्हतं. कटरचा कर्कश आवाज चौथ्या मजल्यावर, आक्काबाई कामाला होती तिथवर येत होता. तिने कठड्यावरून वाकून पाहिलं. पांढऱ्या ढगात नवरा दिसत नव्हता, नुसतं त्याचं खोकणं ऐकू येत होतं.

पाणी सोडत कापणारं, धूळ उडू न देणारं मशीन नव्हतं असं नाही. हिवाळ्यात तपासणीला साहेब आले, त्या दिवशी ते पेटीतून निघालं होतं. इमारतीला हिरवी जाळी लागली, सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले, फोटो निघाले. साहेबांची गाडी वळली तसे शेठने मास्क गोळा केले आणि मशीन गोदामात कुलूपबंद झालं. पाणी लावलं की चिखल होतो, पेन्सिलीची रेघ धुऊन जाते, काम निम्म्यावर येतं, असं त्याचं म्हणणं.

आक्काबाईच्या हातात मात्र पाण्याचा पाइप होता. स्लॅब कालच ओतला होता. आज सकाळपासून त्याला पाणी पाजायचं तिचं काम. वर वैशाखाचं ऊन. तिने पाइपाकडे पाहिलं, खाली त्या ढगाकडे पाहिलं आणि कॉक फिरवून बंद केला. मग त्या कॉकलाच पाठ लावून बसली.

थोड्या वेळाने रंगनाथशेठ धापा टाकत वर आला. "आक्का, पाणी का बंद? मोटार बिघडली काय?"

"मोटार चांगली हाय. मी बिघडले."

"अगं, स्लॅब तापतोय. पाणी मार!"

"त्याला पानी कशाला, शेठ? गुळाचा खडा द्या की."

शेजारी स्लॅबवर पाणी अडवायला वाळूचे वाफे बांधणारी मालनबाई फिसकन हसली. शेठने तिच्याकडे डोळे वटारले, तशी ती आणखीच हसली.

"चिरा पडतील, आक्का!"

"पडू द्या. माझ्या मालकाच्या छातीत पडल्या तवा बघाय आल्ता का? शिमिटाला सात दिस पानी, आन् मानसाला एक बादली न्हाई? ते मशीन भायेर काढा. मास्क वाटा, आन् वाटले की परत घेऊ नका. मग उठते मी."

"उद्यापासून दोघंही येऊ नका."

"उद्याचं उद्या. आज दुसरी बाई कुठनं आणता?"

शेठने मालनबाईकडे पाहिलं. मालनबाईने फावडं टाकलं आणि आक्काबाईच्या शेजारी बसली. मग वाळूची पाटी उतरवून बनुबाईही बसली. तिचा भाऊ भिंती घासायचा.

सहादू वर आला. भुवयाही पांढऱ्या झालेल्या. चार जिने चढून त्याला धड बोलता येईना. "खाली चल. लोकं बघत्यात."

"बघू द्या. तुमी आठ वर्सं गप बसला, आनखी घटकाभर बसा."

कोपऱ्यात स्लॅबचा रंग उडत चालला होता. शेठ तिथे वाकला. केसासारखी एक रेघ उमटली होती. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं, एक शिवी हासडली आणि खिशातली गोदामाची चावी आक्काबाईच्या अंगावर भिरकावली.

दुपारी सहादूने मास्क लावून पाण्यावर ग्रॅनाइट कापलं. ढग उठला नाही. मशीनखालून दुधासारखा गाळ निघाला आणि उतारावरून फाटकापर्यंत वाहत गेला. स्लॅब भिजवून आलेली आक्काबाई तो बघत उभी राहिली. तासाभरात बादली भरेल एवढा गाळ. आठ वर्षं, रोज. तिला वाटलं, ही बादली उचलून शेठच्या डोक्यावर ओतावी.

पाचला शेठने नेहमीप्रमाणे ढेप फोडली. सहादूचा हात सवयीने पुढे झाला. आक्काबाईने त्याच्या तळव्यावरचा खडा उचलला आणि शेठच्या पुढ्यात टाकला.

"चावी दे," शेठ म्हणाला.

तिने ती पदराच्या टोकाला बांधून टाकली होती. "सकाळी मीच उघडीन."

फाटकापर्यंत जाताना सहादू दोनदा थांबला. तिने त्याचा डबा आपल्या हातात घेतला आणि तो पुन्हा चालू लागेपर्यंत मागे वळून शेठकडे बघत राहिली.