मारुसोला पाणी पाजलं त्याची गोष्ट

अर्गिरोबाईंनी बेटावरच्या शाळेत जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. स्थिर काय नि गतिमान काय, यावर त्या वर्गात तास-तास बोलायच्या, आणि घरी मात्र नवरा फोतिस वारल्यापासून त्यांनी त्याची टोपीसुद्धा खुंटीवरून हलवली नव्हती.

फोतिसची होडीही तशीच. सासूच्या नावाची ‘मारुसो’ तीन वर्षं किनाऱ्यावर लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. बाई दर वसंतात तिला निळा रंग द्यायच्या, रोज पुसायच्या. सासूची हयातीत एवढी सेवा कधी झाली नव्हती.

यंदा संत मरीनाच्या सणाला तिची तसबीर होडीतून बंदराभोवती फिरवायचा मान त्यांच्या घराचा होता. फोतिस आयुष्यभर त्या पाळीची वाट बघत गेला. आता चुकली तर मान पुढच्या घरी जाणार, आणि पुन्हा येईपर्यंत बाई काही राहणार नव्हत्या.

शेजारची कोळीण किरियाकुला, बाईंची जुनी विद्यार्थिनी, होडीभोवती फिरून आली.

“बाई, फटी बघा केवढ्या पडल्यात. आत्ताच पाण्यात बुडवून ठेवा. लाकूड पाणी प्यायलं की फुगून फटी मिटतील.”

“फोतिसची होडी बुडवू? मी लांबीचा लगदा भरलाय फटींत. गच्च.”

“भरा! लाकूड फुगल्यावर जागा कुठाय त्याला? फळ्याच उखडतील!”

“मला शिकवतेस? दोनदा नापास झालीस माझ्याकडे!”

“म्हणून तर मासे धरते!” किरियाकुला खदाखदा हसत गेली.

बाई होडीला टेकून बसल्या. ठोकळ्यांवरची ही सुंदर होडी उन्हात आतून तडकत होती, आणि आपण वरून रंग चढवत होतो. लाकूड कधी स्थिर नव्हतंच. हे कळत होतं, पण फोतिसची होडी पाण्याखाली बघायचं धैर्य होत नव्हतं. बराच वेळ त्या रडल्या. मग नाक पुसून उठल्या आणि सुरीने फटींतली लांबी खरवडायला लागल्या.

बाईंनी बोलावल्यावर किरियाकुलाने होडीचं इंजिन उतरवलं, चारचौघांनी होडी पाण्यात ढकलली. भसाभस पाणी शिरलं, होडी काठापर्यंत बुडाली.

कॉफीच्या दुकानातून आरोळी आली, “बाई, सासूबाई न्हायला बसल्या वाटतं!”

“सावकाश न्हाऊ देत,” बाई ओरडल्या, “तुझ्यासारख्या पारोशा नाहीत त्या!”

सणाच्या आदल्या दिवशी दोघींनी बादल्यांनी पाणी उपसलं. होडी हळूहळू वर आली. बाई तळाशी हात लावून वाट बघत राहिल्या. एक थेंब आत आला नाही.

दुसऱ्या दिवशी देवळाचे पाद्री पापा-सिदेरिस तसबीर घेऊन होडीत चढले. “बाई, रंगाचे पोपडे निघाले हो. किनाऱ्यावर कशी नवरीसारखी दिसायची!”

“दिसायचीच नुसती,” बाई म्हणाल्या. त्यांनी फोतिसची टोपी डोक्यावर चढवली आणि सुकाणू धरलं. किरियाकुलाने वल्ही मारली. देवळाची घंटा वाजत राहिली आणि मारुसो डुलत डुलत बंदर फिरून आली.

“आता परत ठोकळ्यांवर चढवायची ना?” किरियाकुलाने विचारलं.

बाईंनी रिकाम्या ठोकळ्यांकडे पाहिलं. “राहू दे पाण्यातच. उद्यापासून मला मासे धरायला शिकव.”

“आणि नापास झालात तर?”

“तर पुन्हा परीक्षेला बसेन. तू नाही का बसलीस?”