चौथ्या ओळीतला विसावा

मित्रांनो, कविता सहसा बोलत नाहीत. त्यांच्याविषयी इतर लोकच इतके बोलतात की त्यांना संधी मिळत नाही. मी सोळा ओळींची एक जुनी डॅनिश कविता. आज संधी मिळाली आहे, तर बोलून घेते.

जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मारेन नावाच्या कोळिणीने मला रचले. होड्या वाळूवर ओढून आणायच्या, हे तिथल्या बायकांचे काम. मला म्हणत तीन ओळी दोर ओढायचा. चौथीत मध्येच थांबायचे, दोरावरचा हात बदलायचा, मग उरलेली ओळ म्हणायची. पुढे एका पाद्रीबाबांनी मला कागदावर उतरवले. शब्द सगळे आले. विसावा तेवढा किनाऱ्यावरच राहिला.

छापल्यावर माझे कौतुक झाले. मुलांनी बोटांवर माझे ठेके मोजले, यमकांना लाल गोल केले आणि प्रत्येक चौथ्या ओळीपाशी ‘एक ठोका कमी’ असे लिहिले. मोठ्याने कोणी म्हटले नाही. माझ्यावर एक प्रबंधही झाला, तोही मला मोठ्याने न म्हणताच.

गेल्या जूनमध्ये तिल्दे नावाच्या मुलीने तोंडी परीक्षेच्या हिरव्या टेबलावरून चिठ्ठी उचलली आणि तीत मी निघाले. शाळेतली तिची ही शेवटची परीक्षा. पास झाली तर दाराबाहेर उभे असलेले आजोबा तिच्या डोक्यावर शाळा पूर्ण केल्याची पांढरी टोपी चढवणार होते. गेल्या वर्षी ती नापास झाली आणि टोपी खोक्यातच परत गेली होती.

“वाचून दाखव,” तिच्या शिक्षिका गुड्रुनबाई म्हणाल्या.

तिल्दे वाचू लागली. चौथ्या ओळीत ती मध्येच थांबली. आजोबांबरोबर होडी ओढलेली पोर. घसा आपोआप थांबला. मित्रांनो, दीडशे वर्षांनी मी पुरती झाले!

“सॉरी, चुकून थांबले,” ती म्हणाली आणि ओळ पुन्हा सलग वाचली.

मी काय करणार? कवितेला हात वर करता येत नाही.

“चौथी ओळ लंगडी का?” बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारले.

“ती... आधुनिक माणसाच्या आतली पोकळी आहे.”

“वा!” म्हणत परीक्षकांनी ते लिहून घेतले. मारेनला पोटातली पोकळी तेवढी माहीत होती.

तिल्देला बारापैकी दहा मिळाले.

बाहेर घरच्यांनी झेंडे हलवले. आजोबांनी तिच्या हातातला कागद घेतला, ओठ हलवत वाचला आणि ओरडले, “अगं, ही तर होडी ओढायची! इथं हात बदलायचा असतो!”

“आजोबा, हळू! परीक्षक आतच आहेत. ऐकलं तर मार्क कापतील.”

“पण हात नाही बदलला तर तळव्याची सालटी निघतात.”

“निघू देत. तुम्ही आत जाऊन सांगू नका म्हणजे झालं!”

आजोबांनी खोके उघडले. त्यांनी टोपी चढवली. वर्षभरात तिल्देने केस कापले होते, त्यामुळे टोपी कानांवर उतरली. तिने मला चार घड्या घालून टोपीच्या आतल्या पट्टीत खोचले. टोपी नीट बसली. सगळे गाऊ लागले. दुसरेच काहीतरी.

तेव्हापासून मी इथेच आहे. मित्रांनो, विनंती एवढीच. कविता समोर आली की मोजण्याआधी एकदा मोठ्याने म्हणा. आवाज मध्येच थांबला तर माफी मागू नका. तिथे कोणीतरी दम घेतलेला असतो. हे सांगायला आम्ही पुढे येऊ शकत नाही. मला माझ्या सोळाही ओळी पाठ आहेत, पण स्वतःला म्हणता येत नाही.