मधली सीट

त्या घरात कुणी दमत नसे. म्हणजे माणसं हाडामांसाचीच होती, दमायची. पण तसं बोलायला बंदी होती. आणि ही बंदी जिने घातली तीच बाई आता विमानतळाच्या दाराशी सुजलेल्या पावलांवर उभी होती. अंगात शेजारणीचा उसना कोट, हातात औषधांची पिशवी, आणि बसून बसून कमरेचं पार लाकूड झालेलं.

"दमलीस का गं आई?" पिशवी घेत मुलाने विचारलं.

"छे! मी कसली दमतेय," आजी म्हणाली.

दोन्ही नाती खुदकन हसल्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटी चारची. "बघ, सांगितलं होतं ना मी? आजीपण तसंच म्हणणार!" थोरलीने धाकटीला कोपराने ढोसलं. आजवर दोघींना तिने फोनच्या काचेत पाहिलेलं; प्रत्यक्ष भेट ही पहिलीच. आल्या आल्या आपण परीक्षेत पास झालो याचा आजीला आनंद झाला आणि ती लंगडत गाडीकडे निघाली.

बंदीची गोष्ट जुनी होती. नवरा गेला तेव्हा मुलगा पाच वर्षांचा. आजी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. दिवसभर उभ्याने खोक्यांत बाटल्या भरायच्या आणि घरी येऊन पुन्हा ओट्याशी उभं राहायचं. एकदा शाळेतून आलेला मुलगा "दमलो" म्हणत जमिनीवर आडवा झाला, तेव्हा तिने दंडाला धरून त्याला उठवलं. "आपल्या घरात दमायचं नाही. एकाने अंग टाकलं की दुसऱ्याचंही पडतं." तेव्हा ते खरंच होतं. दोन माणसांचा संसार, त्यातलं एक माणूस पाच वर्षांचं. पुढे मुलगा मोठा झाला, लांब देशात गेला, तिथल्या शहरात बस चालवू लागला. आईने बांधून दिलेल्या भांड्यांना पोचे आले, स्वेटर विटले, आणि नियम मात्र नव्यासारखा राहिला.

आजीची इच्छा म्हणाल तर एवढीशी होती. नातींना मांडीवर घेऊन बसावं, गप्पा माराव्यात, केस विंचरावेत. ही पहिली खेप तशी शेवटचीही खेप. गुडघ्यांनी तिला तसं रोखठोक कळवलं होतं. पण पाहुणचार हे एक मोठं खटलं असतं, आणि त्यात पाहुण्याला कुणी विचारत नाही. सुटी मिळाली की मुलगा तिला गाडीत घालून काहीतरी दाखवायला काढायचा. संग्रहालय झालं, बंदर झालं, काचघरातली झाडं झाली. भलंमोठं दुकान झालं, तिथे तिने सगळे मजले चढून एक नॅपकिन घेतला. सून हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, आठवडाभर पहाटे निघायची. फिरायच्या दिवशी तरी बाईने झोपावं, तर ती आणखी लवकर उठून सगळ्यांचं खाणं बांधायची.

खरं तर जायचं कुणालाच नसे. मुलगा आईसाठी जायचा, आई मुलासाठी, सून दोघांसाठी, आणि पोरी बिचाऱ्या कोटात कोंबल्या म्हणून. दुपार सरते न सरते तोच अंधारून यायचं. मग गारठलेली नाकं घेऊन सगळे परत यायचे आणि जिना चढताना धापा टाकत एकमेकांना "मजा आली" म्हणून सांगायचे.

गाडीत पुढची सीट आजीची. मागे एका खिडकीशी सून, दुसऱ्या खिडकीशी धाकटी, आणि थोरली कायम मधे. मधली सीट म्हणजे अडचणीची, पाय ठेवायला धड जागा नाही. तरी पोरगी कधी भांडली नाही. आजीला वाटलं, किती गुणाची!

एका संध्याकाळी बंदरावरून परतताना गाडी सिग्नलला थांबली. दिवा हिरवा झाला. गाडी हलेना. मागच्याने भोंगा वाजवायच्या आत थोरलीचा आवाज आला, "बाबा, हिरवा."

गाडी निघाली. मुलाने मान झटकली, खिडकीची काच थोडी खाली केली. गार वारा आत आला. थोड्या वेळाने पुन्हा मागून तसाच शांत आवाज, "बाबा, रेघ." रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेवर गेलेली गाडी परत सरळ झाली. सून खिडकीतून बाहेर बघत होती. आजीने सीटची कड घट्ट धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी थोरलीचे केस विंचरताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू नेहमी मधेच का गं बसतेस?"

"तिथून आरशात बाबांचे डोळे दिसतात."

"बरं. मग?"

"मिटले की सांगायचं."

कंगवा थांबला. "हे काम तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मला दिसलं एकदा, मग मी बसायला लागले."

"दमतो गं तो फार."

थोरलीने मान वळवून आजीकडे असं पाहिलं की जणू आजीने शिवीच दिली. "बाबा दमत नाहीत, आजी. फक्त त्यांचे डोळे मिटतात."

"आणि बसमध्ये? तिथे कोण सांगतं?"

"ते मला माहीत नाही," थोरली म्हणाली आणि नखाने फ्रॉकवरचा दोरा ओढत बसली.

पेरावं तसं उगवतं, हे आजीने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आपल्या घरात उगवलेलं बघायची ही पहिलीच वेळ. तिने वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. मुलाशी बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? तू दमलायस म्हटलं की तो छे म्हणणार. तसं म्हणायला तिनेच शिकवलं होतं.

तरी जेवताना तिने विषय काढला. "अरे, पुढच्या रविवारी कुठे नको जायला. घरीच बसू."

"वा! पुढच्या रविवारीच तर खरी गंमत आहे," मुलगा म्हणाला. "डोंगरावर जायचं. बर्फ बघायला. शनिवारी उशिराची पाळी घेतलीय मी, म्हणून रविवार मोकळा मिळाला. तीन-चार तासांचा तर रस्ता."

"मला कशाला बर्फ?"

"विसरलीस? कारखान्याच्या कॅलेंडरवर डोंगराचं चित्र होतं. तू म्हणाली होतीस, एकदा तिथे उभं राहायचंय. मी तेव्हाच ठरवलं होतं."

आजीला ते चित्र आठवलं. उभं राहायचंय असं ती म्हणाली नव्हती. त्या चित्रात बर्फापाशी एक बाक होता आणि तिथे बसायला मिळालं तर काय बहार येईल, एवढंच तिच्या मनात आलं होतं. पण पोराने इतकी वर्षं ते उराशी धरून ठेवलं होतं आणि आता सांगताना त्याचा चेहरा पाच वर्षांच्या मुलासारखा फुलला होता. बोलता बोलता त्याचा भाताचा चमचा हवेतच राहिला आणि पापण्या जड झाल्या. थोरलीने टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला. चमचा तोंडात गेला.

रविवारी उजाडायच्या आत सगळे दारापाशी कोट-बूट घालून तयार. सुनेच्या खांद्याला खाण्याची पिशवी, धाकटी उभ्या उभ्या पेंगतेय, आणि मुलगा हातात किल्ली घेऊन, डोळे तांबारलेले. रात्री तो कधी आला हे आजीला कळलंही नव्हतं.

"झोपलास तरी का रे?"

"भरपूर."

"खोटं बोलू नकोस. तुला गाडी चालवायला जमणार नाही आज. तू दमलायस."

"मी? छे!" तो हसला. "चल आई, उशीर होतो."

थोरली गळपट्टा गुंडाळून सगळ्यांच्या पुढे होऊन दार उघडत होती. तिला आधी जाऊन मधे बसायचं होतं. तिच्या त्या लहानशा पाठीकडे आजीने पाहिलं. मग दाराशेजारी बूट घालायला ठेवलेल्या ठेंगण्या स्टुलावर ती बसली, मटकन, कोटासकट.

"मी दमले," आजी म्हणाली.

धाकटी एकदम जागी झाली आणि टाळ्या वाजवून ओरडली, "आजी हरली! आजी हरली!"

"हरले बाई," आजी म्हणाली. "केव्हाचीच हरलेय. कंबर दमली, पाय दमले, सगळी दमलेय मी. विमानातून उतरले तेव्हा दमले होते आणि छे म्हणाले. तुझा बाप एवढासा होता तेव्हापासून दमलेय आणि छे म्हणतेय. आता नाही म्हणवत. मला बर्फ नको, काही नको. मला बसू द्या."

"आजी," थोरली दाराची कडी धरून घाबऱ्याघाबऱ्या पुटपुटली, "असं नसतं बोलायचं."

"बोलायचं असतं. मीच चुकीचं शिकवलं होतं."

सुनेने खांद्यावरची पिशवी हळूच जमिनीवर ठेवली. "आई," ती म्हणाली, "मीसुद्धा." आणि तिथेच पिशवीशेजारी फतकल मारून बसली. तिचे डोळे भरून आले होते, पण हसतही होती.

मुलगा किल्ली हातात घेऊन उभा. आईकडे बघे, बायकोकडे बघे. "तुला बरं नाही का आई? डॉक्टरकडे जाऊ या का?"

"बरी आहे. दमलेय फक्त. तू बस."

त्याने किल्ली खुंटीला अडकवायला हात उचलला. ती खाली पडली. त्याने उचलली नाही. "पाचच मिनिटं टेकतो," तो म्हणाला, "मग बघू." आईचा मुलगा शेवटी, तो शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. भिंतीला पाठ लावून बूट घातलेले पाय पसरून बसला आणि बसल्या बसल्या घोरायला लागला. सुनेने आपला कोट काढून त्याच्या अंगावर टाकला आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. धाकटी दोघांच्या मधे शिरली.

थोरली मात्र उभीच होती. बापाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे टक लावून.

"ये," आजी म्हणाली.

"पण त्यांचे डोळे..."

"राहू देत मिटलेले. गाडी खाली उभी आहे. कुठे जात नाही ती."

थोरलीने खिडकीतून वाकून गाडी खरंच उभी आहे ना ते पाहिलं. मग आजीच्या पायाशी येऊन बसली. बराच वेळ तशीच ताठ. हळूहळू तिचं डोकं आजीच्या मांडीवर आलं.

"आजी."

"काय गं?"

"मीपण."

"काय तूपण?"

"तेच," थोरली म्हणाली. तो शब्द तिने कधी उच्चारला नव्हता. पुन्हा विचारायला आजी वाकली, तर पोरगी झोपलीसुद्धा होती. जड डोकं, तोंड किंचित उघडं. थोड्या वेळाने आजीच्या पायाला मुंग्या आल्या, मग कमरेतून कळ निघाली. ती हलली नाही.