पानमळ्याबाहेरचे दिवस

पानमळ्याच्या कडेला, हादग्याच्या सावलीत, गवताने शाकारलेले एक छप्पर होते. घरातल्या बाईला कावळा शिवला की तिने ते चार दिवस तिथे बसायचे आणि मळ्यात पाऊल टाकायचे नाही, असा नांदुऱ्याजवळच्या त्या वस्तीचा दंडक होता. विटाळाने पानवेल पिवळी पडते, ही समजूत पारखून पाहावी असे कुणालाच सुचले नव्हते. महाराष्ट्र राज्य नवे झाले होते, समजूत जुनीच होती.

रुख्मिणी त्या छपरात डोळे मिटून पडली होती. तिला विटाळ नव्हता. सलग दुसऱ्या महिन्यात ती खोटीच बाहेर बसली होती.

याआधी दोनदा तिला दिवस गेले होते. दोन्ही वेळा तिच्या सासूने, सत्यभामाबाईंनी, आनंदाच्या भरात घरोघर गूळ वाटला, आणि दोन्ही वेळा तिसरा महिना लागण्याआधीच सगळे वाहून गेले. त्यानंतर विहिरीवर जी कुजबुज झाली, ती तिला त्या वेदनेहून जड गेली. या खेपेस कुणाला कळू द्यायचे नाही, नवऱ्यालाही नाही, असे तिने ठरवले. ठाऊक होते ते फक्त सरकारी दवाखान्यातल्या नर्स विमलबाईंना.

विमलबाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून तिला सारे दाखवले होते. उलट्या पेरूसारखे गर्भाशय. त्याच्या दोन्ही अंगांना दोन नळ्या, नळ्यांच्या टोकांना झालर, झालरीपाशी बदामाएवढी दोन अंडाशये. महिन्याकाठी त्यांतल्या एकातून बीज सुटते आणि सुटल्या जागी एक पिवळा पिंड तयार होतो. त्या पिंडातून रक्तात जो रस उतरतो, त्याच्या आधारावर गर्भाशयाचे मऊ अस्तर टिकते. गर्भ राहिला नाही तर पिंड सुकतो, अस्तर सुटते.

“तेच तुमचं कावळा शिवणं,” विमलबाई म्हणाल्या होत्या. “त्यात विटाळ कुठं दिसला तर मलाही दाखव.”

“अन् गर्भ राह्यला तं?”

“तर पिंड टिकतो. तिसऱ्या महिन्यात वार, म्हणजे गर्भाला पोसणारी नाळेची गादी, कारभार हाती घेते. तोवर भिस्त त्या पिवळ्या पिंडावर.”

“माह्ये पहिले दोन काऊन गेले?”

“जे गर्भ जातात, ते बहुतेक स्वतःच्याच घडणीतल्या चुकीनं. दृष्टीनं नाही, घागर उचलल्यानं नाही, आणि तुझ्या दोषानं तर नाहीच.”

दुपारच्या गुंगीत रुख्मिणी तो तक्ता आपल्याच आत उलगडून पाहू लागे. गवतातून गाळून आलेला उजेड पापण्यांवर तांबूस होई. ती एका लाल, ओलसर खोलीत उतरे. खोलीच्या भिंती मुगाच्या उगवत्या कोंभासारख्या मऊ असत. दूरवर झालरी विहिरीच्या तळातल्या शेवाळासारख्या डुलत. पिवळ्या पिंडाचा दिवा मात्र खोलीत नसे. तो भिंतीपलीकडच्या कोनाड्यात तेवत असे आणि त्याची ऊब रक्तातून वाहत खोलीपर्यंत येई. तिथे काहीतरी निजलेले असे. ती पावले न वाजवता परत फिरे.

त्या दिवशी अशीच परत फिरताना तिला पाण्याचा आवाज आला. तो आतला नव्हता. पाट फुटला होता आणि पाणी वेलींच्या बुडाशी घुसत होते. घरचे सारे बाजाराला गेलेले. तिने हाका मारल्या, ओ आली नाही. मग तिने फावडे उचलले, मळ्यात शिरून चिखलाने भगदाड बुजवले, आणि मान वर केली तेव्हा समोर डोक्यावर बाजाराचे गाठोडे घेतलेली शालू, तिची जाऊ, उभी होती.

काही दिवसांनी खालच्या अंगाच्या वेली पिवळ्या पडल्या.

“मी माह्या डोयानं पाह्यलं,” अंगणात शालू म्हणाली. “बाहेरची बसेल बाई, अन् वेलीत उभी!”

“पाट फुटला होता, आत्याबाई.” रुख्मिणी सासूकडे पाहत म्हणाली.

“फुटू द्याचा होता!” सत्यभामाबाई कडाडल्या.

“पान्यानंच सडली असन वेल, माय,” तिचा नवरा निवृत्ती म्हणाला.

“तू गप बे! बायको बोलली की याची मान हालते.” त्यांनी सुनेकडे बोट केले. “उद्या निर्जळी उपास धर. ओल्या लुगड्यानं एकेका वेलीले घागर घाल. सारा मळा धुतला गेला पाह्यजे.”

घागरीने गर्भ जात नाही, हे रुख्मिणीला पटलेले होते. पण पटलेले डोक्यात होते आणि भीती ओटीपोटात. शिवाय हा तिसराही गेला, तर घागरीने गेला की आपोआप, हे तिला कोण सांगणार होते?

“आत्याबाई, मी बाहेरची नव्हतीच.”

“मंग छपरात काय कीर्तन ऐकाले बसली होती?” शालू फिसकन हसली.

“मले दिवस गेले हायेत. दुसरा महिना सरला.”

शालूचे हसू तोंडातच राहिले. निवृत्ती बायकोकडे अशा नजरेने पाहत राहिला, जणू ती आत्ताच गाडीतून उतरली होती.

“मंग वेल काऊन पिवळी पडली?” शेवटी शालूनेच विचारले.

निवृत्तीने खुरपे घेतले, मळ्यात जाऊन एका वेलीचे बूड उकरले आणि मूळ आणून आईच्या हातावर ठेवले. ते काळे पडले होते. त्याला डबक्याचा वास येत होता. सत्यभामाबाईंनी ते हुंगले, टाकून दिले, हात लुगड्याला पुसला.

“मले काऊन नाई सांगतलं?” त्यांनी सुनेला विचारले.

“तुम्ही गूळ वाटता म्हून.”

सत्यभामाबाईंनी पडलेले मूळ पायाने बाजूला लोटले. मग शालूकडे वळल्या. “हे अंगणाभाईर गेलं तं पाय मंग, तुह्यी जीभ हाय अन् मी हावो.”

महिना फिरला तेव्हा छपरात गोणपाट त्यांनी स्वतः अंथरले आणि सुनेला तिथे नेऊन बसवले. दुपारी त्या भाकरी घेऊन आल्या, तेव्हा शेजारची तानुबाई बांधावरून चालली होती.

“दूर सर व, शिवशीन मले!” सत्यभामाबाई तिला ऐकू जाईल अशा ओरडल्या आणि ताट लांबूनच सरकवले.

तानुबाई हादग्यांआड दिसेनाशी झाली. मग त्या वाकून छपरात शिरल्या, सुनेला खेटून बसल्या आणि तिच्या पोटावर हात ठेवला.

“हाय न अजून?”

“हाव, हाय.”

“मंग जेव. भाकर गार होऊन राह्यली.”