तणसूभाऊ आणि चिंचेचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना तणसाचा माणूस आहे. शेतातलं बुजगावणं म्हणा हवं तर. पण शाळेतली मुलं मला तणसूभाऊ म्हणतात आणि मला तेच आवडतं.

ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यात मुखरूभाऊंनी मला घडवलं. बांबूचा सांगाडा, धानाचं तणस म्हणजे भाताचा पेंढा, गोणपाटाचं डोकं आणि अंगात त्यांचाच जुना सदरा. मी रानडुकरांना भिववलं, पोपटांना पळवून लावलं. मुखरूभाऊ बांधावरून माझं कौतुक करायचे. मग शेताच्या कुंपणाला विजेचा झटका देणारी झटका मशीन आली आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. उंदरांनी माझी एक मांडी फस्त केली. फार वाईट वाटायचं, पण विचारतो कोण?

तिथून मला मुखरूभाऊंच्या लेकीनं, डिंपलनं, तिच्या शाळेत आणलं. रंजीता मॅडमना नशेच्या गोळ्यांबद्दल शिकवायचं होतं आणि सरावासाठी एक माणूस हवा होता. मॅडम म्हणाल्या, "फेंटानिलसारखं जालीम औषध बनावट गोळीत मिसळलं असलं, तर एका गोळीनंही श्वास थांबू शकते. गोळीच्या पोटात काय आहे, ते डोळ्याले दिसत नाई." मग त्यांनी मला जमिनीवर आडवं केलं आणि विचारलं, "हा बेशुद्ध पडला. आता काय कराल?"

सगळा वर्ग चिंचेचं पाणी आणायला पळाला. आमच्याकडे मोहाची दारू जास्त झालेल्याला तेच पाजतात ना! माझ्या तोंडाचं भोक कापून मोठं केलं आणि तांब्याभर पाणी ओतलं. चार दिवसांनी मॅडमनी माझ्या छातीतून कुजलेलं तणस मूठभर बाहेर काढलं.

"बेशुद्ध माणसाच्या छातीत असंच पाणी जाते. मंग श्वासाले जागा कुठी?"

वर्गाचं हसू थांबलं. त्या दिवसापासून मुलं रोज मला हाका मारू लागली, माझा श्वास बघू लागली, मला कुशीवर वळवू लागली. कुणी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला खोटा खोटा फोन लावी, कुणी मी काय खाल्लं ते सांगे. खरं सांगणाऱ्याला शाळेत मार नाही, असं मॅडमनी सर्वांसमोर कबूल केलं होतं. मला नवं तणस मिळालं आणि मी नवरदेवासारखा मिरवू लागलो.

मधल्या सुट्टीत मुलं माझ्या कानात गुपितं सांगायची. एकदा डिंपल आली. तिचा मोठा भाऊ विक्की ब्रह्मपुरीच्या कॉलेजात होता.

"तणसूभाऊ, विक्कीदादा कोठून तरी गोळ्या आणून खाऊन राह्यला. मले आईची शपथ घातली त्यानं. मी कोणाले सांगू?"

सांगून तिचं मन हलकं झालं आणि ती खेळायला गेली. माझा जीव मात्र तळमळत राहिला. मला तोंड दिलं होतं, आवाज कुणी दिला नव्हता.

पुढे दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. शाळेच्या मैदानात जिलेबीची दुकानं, पाळणे, नाटकाचा पडदा. मला नवा फेटा बांधून व्हरांड्यात बसवलं होतं. भर दुपारी विक्की झोकांड्या खात आला आणि माझ्या पायाशी कोसळला. ओठ निळसर, श्वास अडखळत. मुखरूभाऊंना वाटलं, पोरगं मोहाची पिऊन आलं. ते शरमेनं पुटपुटले, "चिंचेचं पाणी आणा लवकर. लोकं पाहून राह्यले."

तांब्या आलाही. डिंपलनं माझ्याकडे पाहिलं आणि तांब्यावर हात ठेवला.

"बाबा, पाजू नको. दारू नाई, गोळी खाल्ली त्यानं. मले माहीत होतं."

मुखरूभाऊंनी तांब्या बाजूला ठेवला. डिंपलनं भावाला कुशीवर वळवलं, अगदी मला वळवायची तसं; खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा जरा हळुवारच. मॅडमनी १०८ लावला. गाडी येईपर्यंत डिंपल त्याच्या श्वासावरची नजर हलवेना. गाडी आल्यावर त्याच्या खिशातली उरलेली गोळी तिनं डॉक्टरांच्या हाती दिली, त्यामुळे ही दारू नसून नशेची गोळी आहे हे त्यांना लगेच कळलं आणि उतारा टोचता आला. विक्की वाचला, मित्रांनो!

आता त्याचे उपचार चालू आहेत. शनिवारी तो माझ्याशेजारी सरावाला आडवा होतो. पण त्याला गुदगुल्या होतात, तो खुदकन हसतो, आणि मुलं म्हणतात, "तणसूभाऊच बरा." मुखरूभाऊ दर हंगामाला माझ्यासाठी ताजं तणस आणतात.

मित्रांनो, तुमची गुपितं घेऊन माझ्याकडे जरूर या. मी हसत नाही, रागावत नाही. पण तिथंच थांबू नका. मी तणसाचा आहे. मला सांगून झालं, की उठा आणि ज्याला बोलता येतं अशा कुणाला तरी सांगा.